बोलाचीच कढी: कॉलेज फुटबॉलमध्ये कोणाच्या पदरात कुठला 'बोल', हे ठरवतं कोण?

क्लॅरिनेटची_आई | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

मंडळी, आधीच सांगते, मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मुलगी इलिनॉय विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. त्यामुळे ऑगस्टपासून आमच्या घरातला प्रत्येक शनिवार फुटबॉलचा.

मोसम संपल्यावर निवडक संघांचे वेगवेगळ्या गावांत खास सामने होतात, त्यांना 'बोल' म्हणतात. आज दुपारी कुठला संघ कुठल्या बोलला जाणार ते जाहीर होणार होतं. लेकीने व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत ठेवला होता. खोलीत सहा मुली जमिनीवर, मधे उघडी बॅग. बॅगेत वर पोहण्याचा पोशाख, खाली थर्मल. फ्लोरिडा निघालं तर वरचं राहणार, थंडीचं गाव निघालं तर खालचं. दोन-अडीच तास त्या पोरी नुसत्या फोन ताज्या करत बसल्या होत्या. मी इकडे थालीपिठं थापत होते. शेवटी नाव आलं, नॅशव्हिल. लेकीने काही न बोलता पोहण्याचा पोशाख काढून कपाटात टाकला.

आता प्रश्न. आमचे ८ विजय, ४ पराभव. शेजारच्या आयोवाचेही तेच, ८-४. त्यांना टँपा, फ्लोरिडा, आणि आम्हाला नॅशव्हिल! मिशिगन ९-३, ते ऑर्लँडोला, हे समजू शकते. पण पेन स्टेट ६-६ असून न्यूयॉर्कला? गुणतक्ता वगैरे काही आहे की चिठ्ठ्या टाकतात? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "टाय-इन असतात." म्हणजे काय, असं विचारलं तर टीव्हीचा आवाज वाढवला.

---

निवांत_नाशिककर | ८ डिसेंबर, सकाळी १०:०५ (भारतीय वेळ)

बोल म्हणजे वाडगा ना? जिंकल्यावर वाडगाभर काय मिळतं?

---

पासाडेनाचा_पाहुणा | ८ डिसेंबर, रात्री १२:५०

नाशिककर, वाडगाच. येल विद्यापीठाने १९१४ साली खोलगट वाडग्यासारखं स्टेडियम बांधलं, त्याला 'येल बोल' म्हणायला लागले. त्यावरून आमच्या पासाडेनाच्या स्टेडियमला 'रोझ बोल' नाव पडलं, आणि स्टेडियमचं नाव सामन्याला चिकटलं. पुढे जो उठला त्याने आपल्या सामन्याला बोल म्हणायला सुरुवात केली, मैदान ताटासारखं सपाट असलं तरी.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर थोडं मागे जावं लागेल. हे सामने मुळात फुटबॉलसाठी नव्हतेच. पासाडेनात नववर्षाला फुलांच्या रथांची मिरवणूक निघायची. बर्फात गाडलेल्या पूर्वेकडच्या लोकांना दाखवायचं, की बघा, आमच्याकडे जानेवारीत गुलाब फुलतात, या आणि हॉटेलात राहा. १ जानेवारी १९०२ रोजी गर्दी खेचायला म्हणून मिशिगन विरुद्ध स्टॅनफर्ड सामना ठेवला. मिशिगन ४९, स्टॅनफर्ड ०. आठ मिनिटं उरली असताना स्टॅनफर्डने हात टेकले. आयोजक इतके खट्टू झाले, की पुढची कितीतरी वर्षं फुटबॉलचं नाव नाही. त्याऐवजी रोमन रथांच्या शर्यती, शहामृगांच्या शर्यती, एकदा तर हत्ती विरुद्ध उंट. (हत्ती जिंकला.) १९१६ ला फुटबॉल परत आला तो कायमचा.

मायामी, न्यू ऑर्लिन्स यांनी १९३५ साली हाच धडा गिरवला: ऑरेंज बोल, शुगर बोल. १९३७ ला डॅलसचा कॉटन बोल. नावं वाचा, गुलाब, संत्री, साखर, कापूस. गावाची जाहिरातच ती.

पण गाव मैदान देईल, संघ कुठून येणार? दर वर्षी दारोदार फिरून आमंत्रणं द्यायची, तर कोण येईल, कोण नाही, भरवसा नाही. म्हणून १९४६ साली रोझ बोलने कायमचा बंदोबस्त केला. मिडवेस्टातली बिग टेन (तेव्हा शिकागो बाहेर पडल्यामुळे बिग नाइन) आणि पश्चिम किनाऱ्यावरची पॅसिफिक कोस्ट या कॉन्फरन्सेसशी (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांशी) करार: तुमचा एक, तुमचा एक, दर वर्षी. आज ज्याला टाय-इन म्हणतात त्याचा मूळपुरुष हा. त्या करारातला पहिला सामना १ जानेवारी १९४७ चा. कोण जिंकलं सांगू? इलिनॉय ४५, यूसीएलए १४. लेकीला सांगा, या रामायणाची सुरुवात तुमच्याच शाळेपासून आहे.

जाता जाता एक. १ जानेवारी रविवारी आला तर मिरवणूक आणि सामना दोन्ही २ तारखेला होतात. कारण काय, तर १८९३ साली चर्चबाहेर बांधलेले घोडे मिरवणुकीने बुजतील अशी भीती होती. घोडे गेले, नियम आहे.

---

निवांत_नाशिककर | ८ डिसेंबर, दुपारी २:३० (भारतीय वेळ)

हत्ती विरुद्ध उंट बघायला मी तिकीट काढलं असतं.

---

आर्बरची_सून | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

पाहुणेकाका, त्या कराराची दुसरी बाजू राहिली. बिग टेनने स्वतःवर अट घालून घेतली होती, की आमचा एकच संघ बोल खेळेल, आणि तो रोझ बोलच. बाकीच्यांनी घरी बसायचं. शिवाय एकच संघ लागोपाठ दोन वर्षं जाणार नाही, हाही नियम कितीतरी वर्षं होता. म्हणजे कधीकधी विजेता घरी आणि दुसऱ्या नंबरचा कॅलिफोर्नियात!

आमच्या घरात १९७३ हा शब्द उच्चारायची बंदी आहे. सासरे तेव्हा मिशिगन विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरला, नवीनच आले होते, शिकायला. मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघंही अपराजित. शेवटचा सामना १०-१० बरोबरीत सुटला. आता रोझ बोलला कोण? दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्समधल्या दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी मतदान केलं. ओहायो स्टेट ६, मिशिगन ४. मिशिगनचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) डेनिस फ्रँकलिन याचं गळ्याचं हाड त्या सामन्यात मोडलं होतं, आणि मतं त्यामुळे फिरली असं मानलं जातं. मिशिगनचा हिशेब: १० विजय, १ बरोबरी, ० पराभव, आणि बोल कुठलाच नाही. सासरे अजून म्हणतात, "हाड एका पोराचं मोडलं, संघाचं नव्हतं."

पण त्या भांडणामुळेच १९७५ पासून बिग टेनने बाकीच्या संघांना इतर बोल खेळायची मुभा दिली. ताई, तुमची लेक आज नॅशव्हिलला जाते आहे त्याला कारण आमच्या सासऱ्यांचं दुःख, असं समजा.

---

कोलंबसकर | ८ डिसेंबर, सकाळी ७:४०

सासऱ्यांना म्हणावं, त्या रोझ बोलमध्ये आम्ही, म्हणजे ओहायो स्टेटने, कॅलिफोर्नियाच्या यूएससीला ४२-२१ ने धुतलं. मत वाया गेलं नाही.

आणि आमच्याकडेही जखमा आहेत. १९६१ ला आम्हाला रोझ बोलचं बोलावणं आलं आणि आमच्याच प्राध्यापकांच्या मंडळाने २८ विरुद्ध २५ मतांनी नको म्हटलं. खेळाचं फार स्तोम माजलंय म्हणे! विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आमच्या जागी मिनेसोटा जाऊन जिंकून आलं.

---

हिशेबनीस | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

इतिहास छान चाललाय, पण ताईंना हिशेब हवाय. माझा धंदा करार वाचण्याचा, तेव्हा बोलतो.

पहिली गोष्ट, हे सामने एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशव्यापी संस्था, घडवून आणत नाही. ती फक्त परवाना देते आणि पात्रता ठरवते. बारापैकी सहा सामने जिंकलात की तुम्ही उपवर. स्थळ मिळेल की नाही, कुठलं मिळेल, हे तिचं काम नाही. ते बोल आणि कॉन्फरन्स यांच्यातलं.

मंगल कार्यालय जसं लोक वर्षभर आधी अडवून ठेवतात, तसं कॉन्फरन्स ही बोलची जागा सहा-सहा वर्षं आधी अडवून ठेवते. एक चक्र २०१४ ते २०१९, दुसरं २०२० ते २०२५. कार्यालय ठरलं, तारीख ठरली, आचारी ठरला, नवरा-नवरी कोण ते डिसेंबरात कळेल.

दोन्ही बाजूंना यात काय मिळतं? बोलला खात्री, की दर वर्षी अमुक कॉन्फरन्सचा एक संघ येणारच. त्या भरवशावर तो प्रायोजक गाठतो, टीव्हीशी सौदा करतो, हॉटेलं अडवतो. कॉन्फरन्सला खात्री, की आपल्या सहा-आठ संघांना जागा आहे आणि ठरलेले पैसे आहेत. पैसे विद्यापीठाला थेट जात नाहीत. ते कॉन्फरन्सकडे जमा होतात, आणि मोठ्या कॉन्फरन्सेसमध्ये खेळणाऱ्याला प्रवासखर्च देऊन उरलेले सगळ्यांत वाटले जातात. म्हणजे घरी बसलेल्या संघालाही वाटा.

करारात काय काय असतं? सगळ्यात महत्त्वाचं, निवडीचा नंबर. प्लेऑफचे (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांचे) बारा संघ वेगळे काढले की उरलेल्यांत आधी हात कोण घालणार. बिग टेन आणि दक्षिणेकडची एसईसी, दोन्ही कॉन्फरन्सच्या बाबतीत तो पहिला मान ऑर्लँडोच्या सिट्रस बोलचा. म्हणून मिशिगन तिकडे. त्याच्या खाली मात्र चित्र पालटतं. एसईसीने २०१४ पासून सहा बोल एका पातळीवर आणून ठेवले आणि वाटप स्वतःच्या कार्यालयाकडे घेतलं. बोलला विचारतात, शाळांना विचारतात, पण वाटणारा हात कॉन्फरन्सचा. बिग टेननेही त्याच सुमाराला निवड बोलच्या एकट्याच्या मर्जीवर ठेवायची नाही असं ठरवलं. आधी बोल सरळ ज्यांचे प्रेक्षक जास्त प्रवास करतात ते संघ उचलायचे, आणि तेच ते चेहरे दर दोन वर्षांनी त्याच गावात.

बाकी कलमं: मागच्या वर्षीचा संघ पुन्हा नको, मोसमात झालेलीच लढत परत नको. काही करारांत असंही, की एका विजयाच्या फरकापर्यंत बोलने खालचा संघ उचलला तर चालेल, त्यापेक्षा वरच्याला डावलायचं नाही. संघाने कुठल्या हॉटेलात किती रात्री राहायचं तेही. आणि तिकिटं.

तिकिटांचं कलम नीट ऐका. पुष्कळ करारांत विद्यापीठाने अमुक इतकी तिकिटं पूर्ण भावाने विकत घ्यायचीच असतात. खपली तर तुमची, नाही खपली तरी तुमचीच. १ जानेवारी २०११ चा फिएस्टा बोल आठवा, कनेटिकट विरुद्ध ओक्लाहोमा, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. बिग ईस्ट कॉन्फरन्सच्या विजेत्याला तेव्हा बड्या बोलमध्ये राखीव जागा होती, म्हणून ८-४ चं कनेटिकट तिथे पोचलं. आयुष्यातला सगळ्यात मोठा मान! त्यांच्या गळ्यात १७,५०० तिकिटं पडली. देशाच्या दुसऱ्या टोकाहून कोण येणार? जे आले त्यांनी इंटरनेटवर स्वस्तात घेतली. निम्मीसुद्धा खपली नाहीत. सामना ४८-२० ने हरले आणि वर पंधरा लाख डॉलरहून अधिक खड्डा. मानपान करता करता वधूपिता कर्जात जातो तसं झालं.

---

क्लॅरिनेटची_आई | ८ डिसेंबर, दुपारी ३:०५

हिशेबनीसभाऊ, आत्ता कुठे डोक्यात उजेड पडला. पण मग आयोवा आणि आम्ही? विजय सारखे, कॉन्फरन्स सारखी.

---

हिशेबनीस | ८ डिसेंबर, दुपारी ३:३०

मागच्या वर्षी तुमची मंडळी कुठे होती?

---

क्लॅरिनेटची_आई | ८ डिसेंबर, दुपारी ३:३४

ऑर्लँडो. सिट्रस बोल. लेक पहिल्या वर्षाला होती. नाक सोलवटून परत आली होती उन्हाने.

---

हिशेबनीस | ८ डिसेंबर, दुपारी ३:५२

आणि मागच्या वर्षी आयोवा कुठे होतं? नॅशव्हिललाच! मिसूरीशी खेळून २७-२४ ने हरले होते. आतल्या खोलीत काय बोलणी झाली ते मला कोण सांगणार, पण दोन्ही नावं कागदावर लिहून बघा. आयोवाला लागोपाठ दुसऱ्यांदा नॅशव्हिलला धाडलं असतं तर त्यांचे लोक हॉटेल अडवायला उत्सुक नसते, आणि इलिनॉय नुकतंच फ्लोरिडा करून आलंय. अदलाबदल झाली. पोहण्याचा पोशाख मागच्या वर्षी वापरून झालाय, असं कॉन्फरन्सचं म्हणणं.

पेन स्टेटचं तर सोपं आहे. पिनस्ट्राइप बोल यांकी स्टेडियममध्ये. न्यूयॉर्क आणि आसपास त्यांचे माजी विद्यार्थी भरपूर. ६-६ का असेना, लोक ट्रेनने येतील.

---

पिवळी_डायरी | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:१०

तुम्ही सगळे फार गोडगोड लिहिताय. मी सात वर्षं एका बोलच्या गावात राहून, एकदा स्वयंसेवक होऊन, हे जवळून पाहिलंय. तीन दिवस पार्किंगमध्ये उभं राहिल्यावर मला मिळाला एक पोलो शर्ट, तोही दोन मापं मोठा. आत बिनानफ्याच्या संस्थेचे पदाधिकारी गालिच्यावर.

ही 'गावाच्या भल्यासाठी' चालवलेली संस्था म्हणजे काय ते फिएस्टा बोलने दाखवलं. २०११ साली त्यांच्याच चौकशीचा अहवाल बाहेर आला. प्रमुख जॉन जंकर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा पेबल बीचवरचा खर्च, तेहेतीस हजार डॉलरच्या वर, संस्थेच्या खात्यातून. कर्मचाऱ्यांनी राजकारण्यांना देणग्या द्यायच्या आणि ते पैसे संस्थेने भरून द्यायचे, हाही उद्योग. नोकरी गेली, पुढे तुरुंगही झाला.

आणि आता तर अर्धी कढी ईएसपीएन या क्रीडावाहिनीची आहे. डझनाहून जास्त बोल त्यांच्याच मालकीचे. सामना दाखवणारा तोच, भरवणारा तोच. स्टेडियम निम्मं रिकामं असलं तरी त्यांचं काय जातं? नाताळच्या आठवड्यात साडेतीन तासांचा थेट कार्यक्रम मिळाला, जाहिराती खपल्या. हिशेबनीस तिकिटांचं सांगतात ते जुनं झालं. आता विकला जातो तो प्रेक्षक सोफ्यावरचा.

---

हिशेबनीस | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

पिवळी डायरी, टीव्हीचं मान्य. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएची टीव्हीवरची मक्तेदारी मोडली, तेव्हापासून कॉन्फरन्स हीच दुकान झाली. पण तिकिटं जुनी झाली हे नाही पटत. ज्या गावात दोन्ही बाजूंचे चाळीस हजार लोक चार रात्री राहतात तो बोल पुढच्या करारात वरचा नंबर मागतो. हॉटेलवाले, पालिका, सगळे तेच बघतात.

---

निवांत_नाशिककर | ९ डिसेंबर, सकाळी ९:२० (भारतीय वेळ)

मी आत्ताच एक चलतचित्र बघितलं. माणसाएवढी बिस्किटासारखी वस्तू हसत हसत टोस्टरमध्ये उतरते आणि खालून भाजून निघते, आणि खेळाडू ती तोडून खातात. हे काय आहे? मी झोपेत आहे का?

---

आर्बरची_सून | ९ डिसेंबर, सकाळी ६:५०

जागे आहात. तो पॉप-टार्ट्स बोल, ऑर्लँडो. पॉप-टार्ट म्हणजे टोस्टरमध्ये भाजून खायचा गोड पदार्थ. २०२३ ला सुरू झालं. कॅन्सस स्टेटने नॉर्थ कॅरोलायना स्टेटला हरवलं आणि शुभंकर खाल्ला. शार्लटच्या मेयोनेज बोलमध्ये जिंकलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यावर बादलीभर मेयोनेज ओततात. बॉइसीला निळ्या हिरवळीवर बटाटा बोल असतो, तिथे फ्रेंच फ्राइज. करारात हेही लिहिलेलं असतं का हो हिशेबनीस?

---

सिएटलचा_पाऊस | ९ डिसेंबर, सकाळी ८:३०

टोस्टरवर काय हसताय, खरी गंमत आमच्या पश्चिमेला आहे.

२०२४ मध्ये आमची पॅक-१२ कॉन्फरन्स (पाहुण्यांनी सांगितलेल्या पॅसिफिक कोस्टचीच वारस) फुटली. बारापैकी दहा शाळा निघून गेल्या. वॉशिंग्टन, ऑरेगन, यूएससी, यूसीएलए बिग टेनमध्ये, कोलोराडो, युटा आणि दोन्ही अ‍ॅरिझोना बिग १२ मध्ये, स्टॅनफर्ड आणि कॅल तर अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीमध्ये. पण बोलचे करार पॅक-१२ च्या नावाने २०२५ पर्यंत होते. आता काय करायचं? वाडा पडला, पण वाड्याच्या नावाचा नळ चालू आहे. मग ठरलं, की जुन्या बाराही शाळांनी, आता कुठेही नांदत असल्या तरी, बोलपुरतं माहेरचं नाव लावायचं.

त्यातून काय झालं बघा. २०२४ चा अलामो बोल: बिग १२ विरुद्ध पॅक-१२. खेळले कोण? बीवाययू आणि कोलोराडो. दोघंही बिग १२ मधलेच! कोलोराडो सुनेसारखं सासरी नांदत होतं आणि पंगतीला माहेरच्या बाजूने बसलं. बीवाययू ३६-१४ ने जिंकलं. आमचं वॉशिंग्टन त्याच वर्षी बिग टेनमध्ये असून पॅक-१२ च्या जागेवर सन बोलला गेलं, लुइव्हिलकडून एका गुणाने हरलं. यंदाही आम्ही एलए बोलला आणि यूएससी अलामोला, जुन्याच नावावर. आणि लास व्हेगासला नेब्रास्का विरुद्ध युटा, तिथे युटा पॅक-१२ म्हणून.

क्लॅरिनेटताई, याचा तुम्हालाही फायदा आहे. आम्ही आणि यूएससी जुन्या पॅक-१२ च्या पंगतीत बसलो, म्हणून बिग टेनच्या स्वतःच्या जागा तुम्हा जुन्या मंडळींसाठी मोकळ्या राहिल्या. ६-६ चं नॉर्थवेस्टर्न डेट्रॉइटला जातंय ते काही उगाच नाही.

---

पासाडेनाचा_पाहुणा | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

पाऊसराव, तुम्ही हसताय, आम्हाला रडू येतं. रोझ बोलचा बिग टेन विरुद्ध पॅक हा खरा जुना सामना शेवटचा झाला तो २ जानेवारी २०२३ ला, पेन स्टेट ३५, युटा २१. (१ तारीख रविवार होती. घोडे.)

त्या मैदानात तिसऱ्या सत्रात सूर्य सॅन गेब्रिएलच्या डोंगरांना लागतो. डोंगर आधी तांबूस होतात, मग जांभळे, आणि स्टेडियमभर आवाज अचानक कमी होतो, कारण निम्मे लोक मान वळवून तिकडे बघत असतात. या एका दुपारच्या वेळेसाठी रोझ बोलने सगळ्यांशी भांडण मांडलं होतं. १९९७ च्या मोसमात मिशिगन आणि नेब्रास्का दोघंही अपराजित होते, पण मिशिगन बिग टेनचं म्हणून रोझ बोलला बांधलेलं आणि नेब्रास्का ऑरेंज बोलला. गाठच पडली नाही, विजेतेपद वाटून घेतलं. पुढच्या वर्षी पहिल्या दोन क्रमांकांना समोरासमोर आणणारी बीसीएस ही पद्धत आली, २०१४ च्या मोसमापासून चार संघांचा प्लेऑफ, आणि बारा संघांचा करायचा तर २०२२ च्या अखेरीस रोझ बोलच शेवटचा अडून बसला होता. अखेर मान तुकवली. आता बारा संघांची पहिली फेरी विद्यापीठांच्या मैदानांवर, आणि पुढच्या दोन फेऱ्या सहा बड्या बोलमध्ये. यंदा आमच्याकडे उपांत्यपूर्व फेरी. कोण येणार ते क्रमवारी सांगेल, १९४६ चा कागद नाही.

---

कोलंबसकर | १० डिसेंबर, सकाळी ८:००

टाय-इनचा खरा अर्थ यंदा कळला असं मी म्हणेन. नोटर डेम १०-२ असून प्लेऑफच्या बाहेर राहिलं. ते फुटबॉलमध्ये कुठल्याच कॉन्फरन्सचे पूर्ण सदस्य नाहीत, पण बोलसाठी एसीसीच्या जागा वापरतात. रागावून म्हणाले, आम्हाला कुठलाच बोल नको. चालून गेलं. पण कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेट यांनीही प्रशिक्षक बदलाचं कारण देऊन नाही म्हटलं, तर बिग १२ ने प्रत्येकी पाच लाख डॉलर दंड ठोकला. कारण सरळ आहे. शब्द दिला होता कॉन्फरन्सने, आणि तो पाळायचा शाळेने.

मग जागा भरायला ५-७ वाल्यांना फोन. त्यांचा क्रम लावतात तो अभ्यासातल्या प्रगतीच्या आकड्यावर! पुष्कळ शाळांनी नको म्हटलं. मिसिसिपी स्टेट तयार झालं, मेयोनेजवाल्या सामन्याला.

---

हिशेबनीस | १० डिसेंबर, सकाळी ११:१०

पूर्वी याच्या उलट असायचं. टेम्पल २०१० ला ८-४, बोलच नाही, कारण त्यांच्या मॅक कॉन्फरन्सकडे पुरेसे करार नव्हते. लुइझियाना टेक २०१२ ला ९-३. इंडिपेंडन्स बोलचं आमंत्रण हातात होतं, पण यांना वाटलं लिबर्टी बोल मिळेल, थोडं थांबा म्हणाले. इंडिपेंडन्सवाले थांबले नाहीत, ओहायो विद्यापीठाला बोलावून मोकळे झाले. लिबर्टीही गेलं. ९ सामने जिंकून घरी. त्यांची कॉन्फरन्स, डब्ल्यूएसी, त्याच मोसमात फुटबॉलमधून संपत होती. पाठीशी घराणं नसलं की असं होतं.

आणि २०२० चं आर्मी, ९-२. त्यांचा करार इंडिपेंडन्स बोलशी, समोर पॅक-१२ चा संघ यायचा होता. कोविडमुळे तो मिळाला नाही, बोलच रद्द. सैनिकी अकादमीची पोरं सामानासह ताटकळत. मग टेनेसीत कोविड निघाला, त्यांनी लिबर्टी बोलमधून माघार घेतली आणि आर्मीला जागा मिळाली. तीन गुणांनी हरले, पण खेळले.

उलट २०१५ ला बोल इतके झाले की संघ पुरेनात. तीन ५-७ वाले बोलवावे लागले, आणि अ‍ॅरिझोना बोलमध्ये तर माउंटन वेस्ट या एकाच कॉन्फरन्सचे दोन संघ, नेवाडा आणि कोलोराडो स्टेट, एकमेकांसमोर. भावकीतच सोयरीक. त्यानंतर एनसीएएने नवीन बोलला तीन वर्षं बंदी घातली.

---

क्लॅरिनेटची_आई | ३१ डिसेंबर, सकाळी १०:२५

धागा वर काढते आहे. नॅशव्हिलहून गाडीतून लिहितेय, नवरा चालवतोय.

काल आम्ही टेनेसीशी खेळलो, त्यांच्याच राज्यात. स्टेडियमभर नारिंगी रंग, आमचा भाग एका कोपऱ्यात. हिशेबनीसभाऊ, तिकिटांचं तुम्ही म्हणालात ते डोळ्यांनी पाहिलं. नारिंगी लोकांना ना विमान लागलं, ना चार रात्रींचं हॉटेल. आमच्यामागे बसलेले आजोबा विद्यापीठाच्या गावाहून, शँपेनहून, एकटे गाडी हाणत आले होते. म्हणाले, १९६३ च्या मोसमात आपण रोझ बोल जिंकला तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून आमंत्रण आलं की जातो, गाव विचारत नाही.

लेकीने बोटांची टोकं कापलेले हातमोजे घातले होते. दर पाच मिनिटांनी क्लॅरिनेटची रीड (फुंकायची पातळ पट्टी) जिभेखाली ठेवून ऊब देत होती, नाहीतर सूर खाली बसतो म्हणे. शेवटच्या क्षणी आमच्या पोराने चेंडू दोन खांबांमधून मारला आणि ३०-२८. तिच्या तोंडात रीड होती, ओरडता येईना, नुसती उड्या मारत होती.

खेळाडूंना बोलकडून भेटवस्तू मिळतात, साडेपाचशे डॉलरपर्यंत चालतात म्हणे. बँडला मिळाली एक लोकरी टोपी. मागच्या सीटवर तीच घालून झोपलीये.

आर्बरच्या सूनबाई, तुमचं मिशिगन आज सिट्रसला खेळतंय ना? सासऱ्यांना शुभेच्छा सांगा.

---

आर्बरची_सून | ३१ डिसेंबर, सकाळी १०:४०

सांगते. ते सकाळपासून पिवळा स्वेटर घालून बसलेत आणि '७३ चं सांगायला कोणी सापडतं का बघतायत. गाडी हळू चालवा.